पुदिना की कढीपत्ता?

चहासोबत दोन पुड्या फोडल्या: एकीत पुदिना बटाटा वेफर्स, दुसरीत कढीपत्ता घातलेले केळ्याचे वेफर्स.

पुदिना नाकाला आधी भेटतो. पण पान वाळलं की त्याचा ताजा वास बराचसा उडतो. मग आमचूर आणि काळं मीठ बाजी मारतात. पहिले चार वेफर्स झकास, पाचव्याला जीभ आंबटाला कंटाळते. बोटांना हिरवट भुकटी चिकटते ती वेगळीच.

कढीपत्त्याचं गणित निराळं. तो वरून भुरभुरायचा नाही, तेलातच तडतडायचा. वास तेलात उतरतो आणि पान इतकं चुरचुरीत होतं की एरवी ताटाच्या कडेला काढून ठेवणारेही ते मुकाट खातात. केरळात कच्च्या नेंद्रन केळ्यांच्या चकत्या खोबरेल तेलात तळताना कढईतच मिठाचं पाणी सोडतात. तेल क्षणभर फसफसतं आणि मीठ सगळीकडे सारखं लागतं. आपल्याकडे खोबरेलाचा वास सगळ्यांना झेपत नाही, हे मात्र खरं.

दहीभातासोबत कढीपत्ताच. पुदिना भेळेवर चुरून टाकायला बरा. आमच्या घरात पुदिन्याची पुडी अजून अर्धी आहे, दुसरीच्या तळाशी फक्त दोन पानं उरलीत.