दक्षिण आफ्रिकेतल्या जुन्या कंपनी आणि रेजिमेंट हिस्टऱ्या: बरेच महिने वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

एका ऑनलाइन लायब्ररीचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलंय, स्कॅन केलेल्या जुन्या रेजिमेंटल हिस्टऱ्या आणि कंपन्यांचे इतिहास, सगळा माल ब्रिटिशांच्या काळातला आणि दक्षिण आफ्रिकेकडचा. साइटचं नाव घेत नाही कारण पुढे तक्रारी पण आहेत. घ्यायचं कारण पोस्टाची तिकिटं. माझ्याकडे ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीची काही जुनी तिकिटं आहेत, त्यावर ना राणी ना सरकार, सरळ कंपनीचं चिन्ह आणि खालच्या पट्टीवर 'जस्टिस, कॉमर्स, फ्रीडम'. कंपनीचं स्वतःचं पोस्ट, स्वतःचे पोलीस, स्वतःच्या लढाया. आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या हातून कारभार काढून घेतला १८५८ ला आणि त्यानंतर ३१ वर्षांनी, २९ ऑक्टोबर १८८९ ला, तोच खेळ सेसिल ऱ्होड्स या हिरे-खाणवाल्याच्या या कंपनीला सनद देऊन परत मांडला, हे बघून म्हटलं जरा खोलात जाऊया.

तर पहिली गोष्ट, या दोन प्रकारची पुस्तकं वेगवेगळी वाचलीत तर निम्मे पैसे वाया. रेजिमेंटची हिस्टरी म्हणजे शक्यतो त्याच युनिटमधल्या निवृत्त साहेबाने लिहिलेली, कोण कुठे पडला, कोणाला मेडल, मागे नावांच्या लांबलचक याद्या. कंपनीची हिस्टरी म्हणजे चेअरमनची भाषणं, शेअर, रेल्वे, खाणी. दोघंही एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. आणि खरी गंमत नेमकी मधे पडलेली असते.

१८९३ चं मॅटाबेले युद्ध घ्या, आत्ताच्या झिंबाब्वेतल्या मॅटाबेले लोकांच्या राज्यावर कंपनीने केलेली चढाई. रेजिमेंटवाल्या पुस्तकात शांगानी नदीकाठी अ‍ॅलन विल्सन आणि त्याची तीसेक माणसं ४ डिसेंबरला कशी वेढली गेली, शेवटपर्यंत कशी लढली, यावर पानंच्या पानं, रंगवून रंगवून. ठीक आहे, शूर होती माणसं, त्यात वाद नाही. पण ती तिथे गेलीच कशाला? ते कंपनीच्या बाजूच्या कागदात सापडतं. ऑगस्टमध्ये कंपनीचा तिथला कारभारी जेमसन याने फोर्ट व्हिक्टोरियाला व्हॉलंटियर लोकांशी करार केला, प्रत्येकाला ६,००० एकर जमीन, सोन्याचे २० क्लेम (खणायच्या हक्काचे तुकडे), आणि लुटीतल्या गुरांचा निम्मा वाटा कंपनीला, उरलेला निम्मा ऑफिसर आणि शिपाई यांच्यात समान. अहो हे आधीच लिहून ठरलेलं! म्हणजे शेत अजून दुसऱ्याच्या नावावर आणि यांनी बांधावर बसून वाटणीपत्र करून टाकलं. दोन विंडो शेजारी उघडून वाचलं की शिपायांची यादी आणि पगारपत्रक एकच दिसायला लागतं, आणि मला वाटतं या सबस्क्रिप्शनचे पैसे तिथेच वसूल झाले.

त्याच्या आधीचा १८८८ चा रड कन्सेशन, म्हणजे ऱ्होड्सच्या माणसांनी मॅटाबेले राजाकडून मिळवलेला खाणहक्कांचा करार, पण असाच. कागदावर काय, तर राजा लोबेंगुलाला महिना १०० पौंड, १,००० मार्टिनी-हेन्री रायफली, एक लाख काडतुसं आणि झांबेझीवर एक तोफा लावलेली स्टीमबोट. तोंडी काय सांगितलेलं, की खणायला दहापेक्षा जास्त गोरे येणार नाहीत. तोंडी गोष्ट कागदावर आलीच नाही. दोन वर्षांत कंपनीने पाठवलेली गोऱ्या वसाहतवाल्यांची तुकडी, पायोनियर कॉलम, आली, सुमारे २०० पायोनियर आणि वर कंपनीचे पोलीस, आणि सप्टेंबर १८९० मध्ये फोर्ट सॅलिसबरीला झेंडा लागला. आत्ताचं हरारे ते.

मग १८९६. जेमसनने कंपनीचे पोलीस उचलले आणि बोअरांच्या (तिथे वसलेल्या डच वंशाच्या गोऱ्यांच्या) ट्रान्सव्हालवर धाड टाकायला नेले, २ जानेवारीला डोर्नकॉपला शरण आले सगळे. मागे मुलुख रिकामा, त्यात रिंडरपेस्ट या गुरांच्या साथीने गुरं मेलेली, मार्चमध्ये मॅटाबेले उठले आणि नंतर तिथलेच दुसरे लोक, शोना. इथे कंपनी हिस्टऱ्या एकदम घाईत असतात बघा, दोन पानांत उरकतात, आणि पुढच्या चॅप्टरला थेट रेल्वे. शोनांच्या उठावातल्या नेहांडा आणि कागुवी या अंगात येणाऱ्या दोघांना एप्रिल १८९८ मध्ये फाशी दिली, त्यासाठी मला दुसरीकडे जाऊन वाचावं लागलं.

किंबर्ली या हिऱ्यांच्या खाणींच्या गावाचा भाग मात्र दोन्हीकडे तुडुंब आहे आणि सगळ्यात मजा मला तिथे आली. १४ ऑक्टोबर १८९९ ते १५ फेब्रुवारी १९००, बोअरांचा वेढा. गावाचा लष्करी कमांडर केकेविच, लॉयल नॉर्थ लँकशायर रेजिमेंटचा. आणि गावाची खरी मालक ऱ्होड्सचीच हिऱ्यांची कंपनी डी बीअर्स, वर ऱ्होड्स स्वतः आत येऊन बसलेला. दोघांचं अजिबात पटत नव्हतं. रेजिमेंटची पुस्तकं केकेविचची बाजू घेतात, कंपनीची ऱ्होड्सची, त्यामुळे सासू-सुनेच्या दोन्ही बाजू ऐकल्यासारखं होतं. पण काम डी बीअर्सनेच केलं हे मान्य करावं लागतं, पाणी खाणीतून, तोफगोळे कंपनीच्या वर्कशॉपमधून, आणि जॉर्ज लॅब्रम नावाच्या अमेरिकन इंजिनियरने तिथेच 'लाँग सेसिल' नावाची अख्खी तोफ बनवली. जानेवारीत ती चालू झाली, ९ फेब्रुवारीला बोअरांच्या लाँग टॉम तोफेचा गोळा हॉटेलवर येऊन लॅब्रमच गेला. खाणीच्या कुंपणबंद वस्तीत (कंपाउंडमध्ये) कोंडलेले हजारो आफ्रिकन खाण कामगार स्कर्व्हीने मरत होते, त्यांच्या नावांची यादी मात्र कुठल्याच पुस्तकाच्या मागे नाही. घोड्यांची आहे कधीकधी.

आपल्या लोकांसाठी एक मस्त धागा सांगतो. म्हापशाचा माणूस, मानुएल आंतोनियो दी सोझा, तिकडे त्याला गौव्हेया म्हणायचे. गोव्यातून मोझांबिकला गेला आणि गोरोंगोझाच्या प्राझोवर (पोर्तुगीजांची मोठी जहागीर) स्वतःची फौज ठेवून राज्यच करायला लागला. नोव्हेंबर १८९० मध्ये मुटासा या राजाच्या गावात ऱ्होड्सच्या कंपनीच्या फोर्ब्सने त्याला आणि पोर्तुगीजांच्या मोझांबिक कंपनीवाल्या पायवा दे आंद्रादाला, दोघांना पकडलं. म्हणजे एका कंपनीच्या पोलिसांनी दुसऱ्या कंपनीच्या माणसाला अटक केली आणि सोबत हा म्हापसेकर. इंग्रजी पुस्तकांत याला फार तर एक पॅरेग्राफ मिळतो आणि तो पण टिंगलीच्या सुरात. याच्यावर कोणीतरी मराठीत नाहीतर कोकणीत नीट लिहायला पाहिजे.

आता तक्रारी. नकाशे. जुन्या पुस्तकांत घडीचे नकाशे असतात आणि स्कॅन करणाऱ्याने ते घडी न उलगडताच स्कॅन केलेत, अर्धी नदी दिसते आणि पुढे पांढरं. सपोर्टला मेल टाकला, 'नोंद घेतली आहे' एवढं उत्तर आलं, बस. सर्च पण बेभरवशी, बुलावायो टाकलं तर निम्मं सापडत नाही कारण जुनं स्पेलिंग वेगळं, 'बुलुवायो' असं. फोर्ट व्हिक्टोरिया म्हणजे आत्ताचं मासविंगो, उमटाली म्हणजे मुटारे, ग्वेलो म्हणजे ग्वेरू, ही यादी हाताशी ठेवा नाहीतर डोकं फिरेल. मोबाइलवर वाचायच्या भानगडीत पडूच नका, मागच्या याद्या तीन कॉलममध्ये असतात, निदान दहा इंचाचा टॅब पाहिजे. आणि यातलीच पुस्तकं प्रिंट-ऑन-डिमांड घेऊ नका, मी एक मागवलं, फोटोच्या जागी काळे चौकोन आले.

आकडे आवडत असतील तर एक बघा, ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीने शेअरहोल्डरला पहिला डिव्हिडंड दिला १९२४ मध्ये, कारभार सोडल्यानंतर! मग १९३३ ला सदर्न ऱ्होडेशियाने (आत्ताचं झिंबाब्वे) खनिजांचे हक्क २० लाख पौंडाला विकत घेतले आणि नॉर्दर्न ऱ्होडेशियातल्या तांब्याची रॉयल्टी तर १९६४ ला झांबिया स्वतंत्र होईपर्यंत चालू होती. तलवारीपेक्षा चोपडीत जास्त कमावलं या लोकांनी.

पाचपैकी साडेतीन स्टार. मजकुराला साडेचार दिले असते, स्कॅनिंगने एक घालवला. रिन्यू करणारे, कारण १९१८ चा प्रिव्ही कौन्सिलचा (लंडनमधलं वसाहतींसाठीचं सर्वात वरचं कोर्ट) निकाल अजून अर्धाच वाचून झालाय, ऱ्होडेशियातली न वाटलेली जमीन नक्की कोणाची यावरचा. कंपनी म्हणाली आमची, गोरे शेतकरी म्हणाले आमची, आफ्रिकन लोकांच्या वतीने पण दावा होता, आणि कोर्टाने तिघांनाही हात हलवत परत पाठवून जमीन ब्रिटिश क्राउनची ठरवली.