नकाशावर नाव आमचे, फोन नंबर दुसऱ्याचा

गोव्यातल्या मंगेशी, म्हार्दोळ, कवळे या देवस्थानांच्या परिसरात घराला लागून काही खोल्या बांधून भाविकांच्या राहण्या-जेवणाची सोय करणारी अनेक कुटुंबे आहेत. आमचे त्यांतलेच एक. मुंबई, कोल्हापूर, बेळगाव, कारवार येथून येणाऱ्या कुळावी मंडळींना, म्हणजे ज्यांची कुलदैवते येथे आहेत त्यांना, पूर्वी आमचा पत्ता एकमेकांकडून कळत असे. आता बहुतेक जण निघण्याआधी गूगल मॅपवर शोधतात, छायाचित्रे आणि अभिप्राय पाहतात आणि तिथे दिलेल्या नंबरवरच फोन करतात. त्या नोंदीवर ज्याचा नंबर असेल त्याच्याकडे पाहुणे जाणार, अशी आज स्थिती आहे. जवळपासच्या शोधात तुमचा व्यवसाय वर आणून देतो, ज्याला ‘लोकल एसईओ’ म्हणतात ती सेवा देतो, असे सांगून एका टोळीने आमच्याकडून आधी पैसे घेतले, मग आमची नोंद घेतली आणि शेवटी त्या नोंदीच्या जोरावर आमच्याकडे येऊ पाहणाऱ्या लोकांचे पैसे घेतले. हे कसे घडवून आणले जाते ते मी सविस्तर लिहीत आहे, कारण फोंड्याच्या बाजारात चौकशी केली तेव्हा छापखान्यापासून दंतवैद्यापर्यंत अनेकांना असेच फोन येऊन गेल्याचे समजले.

पहिला फोन भर पावसाळ्यात आला, जेव्हा खोल्या रिकाम्या असतात आणि पुढच्या हंगामाची काळजी लागलेली असते. फोन माझ्या भावोजींनी घेतला. “गूगलच्या व्हेरिफिकेशन विभागातून बोलतो आहे, काका. तुमच्या नोंदीची मुदत संपली आहे, आज नूतनीकरण झाले नाही तर मॅपवर ‘कायमचे बंद’ असे दिसू लागेल,” असे त्या माणसाने नम्र मराठीत सांगितले. यातले प्रत्येक विधान खोटे आहे. मॅपवरची व्यवसायाची नोंद, जिला २०२१ पासून ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ म्हणतात, ती पूर्णपणे मोफत असते. तिला मुदत नसते आणि तिचे नूतनीकरणही नसते. गूगलकडून कधी कधी कामकाजाची वेळ वगैरे विचारणारे यांत्रिक फोन येतात हे खरे आहे, पण त्या फोनवर पैसे मागितले जात नाहीत.

आमची नोंद मॅपवर आधीपासून दिसत होती, परंतु तिच्यावर कोणीही मालक म्हणून दावा केलेला नव्हता. अशा बेवारस नोंदी गोव्यात गावोगावी आहेत आणि ही माणसे नेमक्या त्याच शोधून काढतात. ‘पडताळणीसाठी’ म्हणून आमच्या मोबाइलवर आलेला कोड त्यांनी विचारून घेतला आणि त्या कोडच्या आधारे स्वतःच्या ईमेल खात्यातून ती नोंद स्वतःच्या ताब्यात घेतली. नंतर आमचे खाते त्यांनी ‘मॅनेजर’ म्हणून जोडले. त्यामुळे आम्हाला नोंद उघडता येत होती, छायाचित्रे टाकता येत होती, अभिप्रायांना उत्तरे देता येत होती आणि संशय यावा असे काहीच दिसत नव्हते. मुख्य मालक मात्र ते होते, आणि मॅनेजरला काढून टाकण्याचा अधिकार मालकाकडे असतो.

काही दिवसांनी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण घरी आला. त्याने आमच्या अंगणात उभे राहून स्वतःच्या मोबाइलवर ‘राहण्याची सोय’ असे शोधून दाखवले आणि यादीत आमचे नाव सर्वांत वर आले. आमच्या कामाचा परिणाम आताच दिसू लागला आहे, असे तो म्हणाला. हे प्रात्यक्षिक सर्वांनी नीट समजून घ्यावे, कारण बहुतेक व्यवहार त्याच क्षणी ठरतो. स्थानिक शोधाचा निकाल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो असे गूगल स्वतः सांगते: शोधलेल्या शब्दांशी नोंद किती जुळते, शोधणाऱ्यापासून ती जागा किती अंतरावर आहे आणि तो व्यवसाय किती परिचित आहे. आमच्याच अंगणात उभे राहून शोधले तर आमच्याहून जवळ दुसरे कोण असणार? तोच शोध पणजीच्या बसस्थानकावरून किंवा कोल्हापुरातून केला असता तर निकाल वेगळा आला असता. त्याने ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ म्हणून लिहून दिलेल्या शब्दांमध्ये तर आमच्या निवासाचे पूर्ण नावच होते; ते नाव टाइप केल्यावर आम्हीच दिसणार, त्यासाठी कोणाच्या सेवेची गरज नसते. वरचा क्रमांक पैसे देऊन मिळवण्याची सोय स्थानिक निकालांत नाही, असेही गूगलने स्पष्ट लिहिले आहे. जाहिरात विकत घेता येते, पण ती जाहिरात म्हणूनच दिसते.

वर्षाचे शुल्क १८,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे एकूण २१,२४० रुपये घेऊन त्यांनी छापील बिल दिले. बिलावर पणजीचा पत्ता होता, पण जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होत होता. या १५ अक्षरी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य दाखवतात. गोव्याचे अंक ३० आहेत आणि ०७ दिल्लीचे. तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य तपासता येतो. आम्ही नंतर तपासला तेव्हा ती नोंदणी रद्द झालेली असल्याचे दिसले. याशिवाय ‘नोंदणीसाठी फक्त एक रुपया’ म्हणून जो यूपीआय व्यवहार त्यांनी करून घेतला, त्यात ऑटोपेची, म्हणजे खात्यातून ठरावीक काळाने आपोआप पैसे वळते करण्याची, मंजुरी दडलेली होती आणि तिच्यातून दरमहा १,४९९ रुपये वजा होऊ लागले. अशा वसुलीला १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी पिन द्यावा लागत नाही. वजावटीच्या आधी बँकेचा संदेश येतो, पण इतर संदेशांच्या गर्दीत तो सहज नजरेआड होतो. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट नावाचा विभाग असतो. तिथून अशी मंजुरी आपणच रद्द करू शकतो आणि आम्ही ती तिथूनच रद्द केली.

पैशांच्या बदल्यात मिळाले काय, तर ‘२०० डिरेक्टऱ्यांमध्ये’, म्हणजे व्यवसायांची नावे-पत्ते देणाऱ्या संकेतस्थळांवर, ‘नोंदणी’ असा एक जाडजूड अहवाल. व्यवसायाचे नाव, पत्ता आणि फोन या तीन गोष्टी सर्वत्र सारख्या असाव्यात, हा स्थानिक शोधातला खरा आणि उपयोगी नियम आहे. नामांकित डिरेक्टऱ्यांमध्येही साधी नोंद बहुधा फुकट होते आणि घरातल्या कोणालाही ती एका दुपारी करता येते. या अहवालातली बहुतेक संकेतस्थळे मात्र कोणी उघडतही नसेल अशी होती आणि प्रत्येक ठिकाणी आमचा पत्ता निराळा होता. गोव्यात पत्त्यांचा घोळ मुळातच सोपा आहे: वाड्याचे नाव, गावाचे नाव आणि पोस्टाचे नाव वेगवेगळे असते, रोमन लिपीत एकाच गावाची तीन-तीन स्पेलिंगे चालतात, आणि फोंडा तालुका २०१५ मध्ये उत्तर गोवा जिल्ह्यातून दक्षिण गोव्यात गेल्यामुळे जुन्या कागदांवर एक जिल्हा आणि नव्यांवर दुसरा असतो. त्या गोंधळात यांनी भर घातली ती अशी, की कितीतरी नोंदींवर आमच्या नंबरऐवजी त्यांचाच नंबर टाकलेला होता.

मॅपवरचे आमचे नावही त्यांनी बदलले. आजेसासूबाईंच्या नावाने चालणाऱ्या आमच्या निवासाच्या पुढे ‘बेस्ट बजेट होमस्टे निअर बीच’ असे शब्द जोडले गेले. फलकावर जे नाव आहे तेच नोंदीत असावे, असा गूगलचा नियम आहे आणि तो मोडल्यास नोंद निलंबित होऊ शकते. त्यातच पाठोपाठ पंचतारांकित अभिप्राय येऊ लागले, तेही कधी आमच्याकडे न उतरलेल्या लोकांचे. एकाने समुद्राचे दृश्य सुंदर असल्याचे लिहिले होते. मंगेशीहून समुद्र दिसत नाही. आमच्या खिडकीतून माड, पोफळी आणि मागची टेकडी दिसते. ते वाचून एखाद्या कुटुंबाने लहान मुलांना घेऊन समुद्राच्या आशेने येथे यावे, हे आम्हाला सहन होण्यासारखे नव्हते. आम्ही ते अभिप्राय काढायला सांगितले, तेव्हा वाद सुरू झाला. त्यांनी नूतनीकरणाचे वाढीव पैसे मागितले, आम्ही नकार दिला, आणि लगेच आमचे मॅनेजरपद काढून टाकण्यात आले.

त्यानंतर फोन येणे जवळजवळ थांबले. माघात मंगेशीची जत्रा असते, कवळ्याच्या शांतादुर्गेचीही जत्रा त्याच महिन्यात येते, आणि त्या काळात आमच्या खोल्या कधी रिकाम्या राहत नाहीत. त्या वर्षी ओळखीची घरे तेवढी आली. जत्रेच्या आदल्या रात्री उशिरा बेळगावकडचे एक कुटुंब दारात उभे राहिले. सोबत थकलेली म्हातारी आई होती आणि हातात दोन खोल्यांचे आगाऊ पैसे भरल्याची पावती. पावतीवर नाव आमचे, छायाचित्र आमच्या अंगणाचे, फोन नंबर मात्र अनोळखी. मॅपवरच्या नंबरवर बोलून त्यांनी पैसे पाठवले होते आणि आता तो नंबर बंद होता. आमच्या खोल्यांत तोवर ओळखीची मंडळी उतरलेली होती. माझ्या सासूबाईंनी स्वतःची खोली त्या आजींना दिली, बाकीच्यांची सोय ओसरीवर केली. ते लोक समजूतदार होते, तरीही “ताई, नाव तर तुमचेच आहे ना?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि त्यांचे पैसे आमच्या नावावर गेले याचा राग मला आजही येतो. जत्रेच्या दिवसांत अशी आणखी माणसे आली.

नोंद परत मिळवण्याचा मार्ग आहे, पण तो वेळ खाणारा आहे. मॅपवर त्या नोंदीची मालकी मागण्याची विनंती करता येते. सध्याच्या मालकाला उत्तर देण्यासाठी तीन दिवस मिळतात. आमची विनंती त्यांनी नाकारली, म्हणून पुढे अपील करावे लागले. पडताळणीसाठी व्हिडिओ चित्रित करावा लागला. त्यात रस्ता, आमचा फलक आणि खोलीचे कुलूप आमच्या हाताने उघडणे हे सलग दाखवावे लागले. मालकी आली, पण खोटे नाव आणि खोटे अभिप्राय यांमुळे नोंद निलंबित झाली आणि त्यासाठी पुन्हा अपील करावे लागले. तिथे पंचायतीचा परवाना, वीजबिल आणि पर्यटन खात्याचे नोंदणी प्रमाणपत्र कामी आले. ही कागदपत्रे आधीच स्कॅन करून हाताशी ठेवावीत, कारण अपिलाचा अर्ज उघडल्यावर पुरावे जोडण्यासाठी ६० मिनिटांचीच मुदत असते. आता नोंद पूर्ववत आहे आणि आमच्याच ईमेलवर आहे. घरातल्या दोघांची खाती मालक म्हणून जोडलेली आहेत, बाहेरचे कोणीही नाही. मॅपवरच्या कोणत्याही नोंदीत फोन नंबर बदलण्याची सूचना कोणीही वाटसरू करू शकतो, म्हणून आम्ही दर आठवड्याला दुसऱ्याच्या मोबाइलवरून आमचे नाव शोधून नंबर तपासतो. ज्यांच्या वेबसाइट अशा लोकांनी करून दिल्या आहेत त्यांनी डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आणि कोणाच्या ईमेलवर नोंदले आहे तेही आजच पाहावे.

पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाते आणि गोठवणे अवघड होते. बेळगावच्या त्या कुटुंबाने आमच्या घरातूनच १९३० ला फोन लावला आणि आम्ही पुढे रायबंदरच्या सायबर क्राईम पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. तक्रारीला बिल, यूपीआय व्यवहारांचे क्रमांक, कॉलची नोंद आणि बदललेल्या नोंदीचे स्क्रीनशॉट जोडले. यांतले स्क्रीनशॉट सर्वांत महत्त्वाचे, कारण मालकी परत आल्यावर जुना नंबर मॅपवरून पुसला जातो.

गोव्यात उतरायला येणाऱ्यांनाही एक विनंती आहे. आगाऊ पैसे पाठवण्याआधी निवासाचा पर्यटन खात्याचा नोंदणी क्रमांक विचारावा. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली अशा निवासांना नोंदणी करावी लागते आणि प्रामाणिक यजमान तो क्रमांक लगेच सांगतो. व्हिडिओ कॉल करून खोली आणि दारावरचा फलक दाखवायला सांगावे. यूपीआयवर पैसे पाठवताना पडद्यावर खातेदाराचे नाव दिसते. ते यजमानाच्या नावाशी जुळत नसेल तर तिथेच थांबावे.

आमची तक्रार अजून तपासात आहे. अहवालातल्या त्या डिरेक्टऱ्यांपैकी कित्येकांवर आमच्या नावापुढे अजूनही परका नंबर आहे; काहींनी विनंती केल्यावर नोंद काढली, काहींच्या संकेतस्थळावर संपर्काची सोयच नाही. पणजीचा पत्ता आणि ०७ ने सुरू होणारा जीएसटी क्रमांक असलेले असे बिल आणखी कोणाकडे असेल, तर त्यांनी ते जपून ठेवावे आणि आपली तक्रार स्वतंत्रपणे नोंदवावी, म्हणजे एकाच टोळीची प्रकरणे पोलिसांना एकत्र जोडता येतील.