घरापुरत्या कोंबड्या: गिरिराज की गावरान?

घरच्या अंड्यांसाठी आणि अधूनमधून रविवारच्या रश्श्यासाठी दहा-बारा कोंबड्या पाळायच्या, तर गिरिराज घ्यावी की गावरान? या पेचातून मीही गेलोय. तीन वर्षं गिरिराज पाळली, गेली पाच वर्षं गावरान आहे.

आकड्यांत गिरिराज पुढे आहे, हे आधी कबूल करतो. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने परसातल्या पालनासाठीच तयार केलेली ही कोंबडी वर्षाला सव्वाशेच्या वर अंडी देऊ शकते. गावरान साठ-सत्तरवर थांबते. गिरिराजचा कोंबडा तीन-साडेतीन महिन्यांत कापण्याजोगा होतो, गावरानची सहा महिने वाट बघावी लागते. निव्वळ अंडीच हवी असतील तर हैदराबादची ग्रामप्रिया ही जातही चांगली. कडकनाथ मला घरापुरती महागच वाटली.

माझं मन फिरलं ते खुडकावरून, म्हणजे कोंबडी अंडी घालणं थांबवून उबवायला बसते त्यावरून. गिरिराज सहसा खुडूक बसत नाही, म्हणूनच तिची अंडी जास्त. पण मग पुढची पिल्लं आणायची कुठून? आमच्या भागातला हॅचरीवाला शंभराच्या खाली पिल्लं देईना. शेजारच्या चार घरांना गोळा करून ऑर्डर द्यायची, एक दिवसाची पिल्लं खोक्यातून आणायची, पहिले दोन-तीन आठवडे बल्बची ऊब द्यायची. एका जानेवारीत रात्री दोनला लाइट गेली. सकाळी बघितलं तर पिल्लं ऊब शोधत एका कोपऱ्यात एकावर एक चढलेली, आणि खालची अकरा मेलेली. ती पाटी उचलताना फार वाईट वाटलं. गिरिराजची अंडी गावरानखाली उबवूनही पाहिली. पिल्लं निघाली, पण वाढीला आईबापांसारखी भरली नाहीत.

गावरान खुडूक झाली की दहा-बारा अंडी खाली ठेवायची. एकविसाव्या दिवशी पिल्लं, आणि ऊब द्यायला आई आहेच. घार दिसली की तिचा एक आवाज आणि सगळी पंखाखाली. गिरिराज अंगाने जड. माझ्या दोन मुंगसाने नेल्या. गावरान संध्याकाळी शेवग्यावर चढून बसते.

एक मात्र सांगतो. गावरानला रोग होत नाही, हा समज सोडा. मानमोडी (राणीखेत रोग) आली की तीही जाते. पिल्लांना पाचव्या-सातव्या दिवशी त्यावरच्या लासोटा लसीचा थेंब द्याच. कुपी बहुधा शंभर पिल्लांची असते आणि कालवल्यावर लगेच संपवावी लागते, म्हणून वाडीतल्यांनी एकाच दिवशी ठरवलेलं बरं.

रोज दोन-तीन अंडी हवीतच, घरात लहान मुलं आहेत आणि हॅचरी जवळ आहे, तर गिरिराज घ्यायला हरकत नाही. नसेल तर बाजारातून गावरान आणण्याआधी गावात विचारा, मागच्या मानमोडीत कुणाच्या कोंबड्या वाचल्या. त्या घरच्या तीन तलंगा (अंड्यावर यायच्या बेतातल्या तरुण कोंबड्या) आणि दुसऱ्या घरचा एक कोंबडा, एवढ्यावर माझं खुराडं उभं राहिलं.