टर्नटेबल की डॅक?

फोंड्यातला माझा मावसभाऊ अडलाय: आजोबांच्या एलपींसाठी (मोठ्या तबकड्यांसाठी) चांगला टर्नटेबल, म्हणजे तबकडी वाजवणारं यंत्र घ्यावा, की डॅक (डिजिटल संगीताचं स्पीकरला चालणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी पेटी) आणि स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी आणणारी पेटी)? अँप्लिफायर आणि स्पीकर दोन्हीकडे तेच धरू.

टर्नटेबलचा खर्च खरेदीपाशी थांबत नाही. फोनो प्रीअँप (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारी पेटी) लागतो आणि हिऱ्याची सुई साधारण 500 ते 1000 तासांनी बदलावी लागते. डॅकला यातलं काहीच नाही.

खरा प्रश्न आपल्या पावसाळ्याचा. बंद कपाटात कव्हरांना बुरशी धरते, ती खाचांत उतरली की गाण्यात चटचट सुरू होते. तबकड्या उभ्याच ठेवायच्या, कागदी पिशव्या काढून प्लास्टिकच्या घालायच्या, डिस्टिल्ड वॉटरने पुसून पूर्ण वाळल्यावरच आत ठेवायच्या. हे दरवर्षी करावं लागतं. डॅकला फक्त विजांच्या गडगडाटात प्लग काढायचा.

आवाजात आकडे डॅकच्या बाजूचे: सीडीच्या 16 बिटांत सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत सुमारे 96 डेसिबलचा पल्ला, एलपीचा बराच कमी. पण जुनं ध्वनिमुद्रण डिजिटल करताना खरखर काढायच्या नादात तंबोऱ्याची आसही (रेंगाळणारा नादही) घासली जाते. अशा वेळी नीट जपलेली एलपी मला जास्त खरी वाटते. शिवाय वीसेक मिनिटांनी बाजू उलटायची, म्हणून माणूस समोर बसून ऐकतो.

जुन्या गायिका केसरबाई केरकरांच्या 78च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकड्या असतील तर सावध: त्यांना जाड सुई लागते, एलपीची चालत नाही.

घरात शंभरेक चांगल्या एलपी आणि पुसायला हौस असेल तर टर्नटेबल घे. संग्रह शून्यातून करायचा असेल, किंवा घर महिनोन्‌महिने बंद राहत असेल, तर डॅकच.