केमोआधीचे पंधरा दिवस: स्त्रीबीज गोठवावे, भ्रूण गोठवावा, की थेट उपचार सुरू करावेत?

कर्करोगाचे निदान झाले की घरातल्या सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येते, "आधी जीव वाचू दे, बाकीचे नंतर पाहू." हे बोलणे मायेपोटीच असते, पण पुढे मूल होण्याच्या प्रश्नापुरते ते बरोबर नाही, कारण या बाबतीत जे काही करता येते ते बहुतेक सगळे केमोथेरपी सुरू होण्याआधीच करावे लागते. माझ्या मावसबहिणीला स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले तेव्हा ती 29 वर्षांची होती, निफाडला शाळेत शिकवत होती आणि तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू होते. बायॉप्सीचा रिपोर्ट घेऊन आम्ही नाशिकला डॉक्टरांसमोर बसलो. गाठ, शस्त्रक्रिया, केमोच्या फेऱ्या, केस गळणे या सगळ्यावर बोलणे झाले, पण तिला पुढे मूल होऊ शकेल का, हा विषय त्या अर्ध्या तासात कोणीच काढला नाही. तो तिनेच काढला, जिना उतरताना, माझ्याकडे न पाहता. त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही ज्या पर्यायांची तुलना केली ती इथे मांडते आहे. हाच निर्णय ज्यांच्यापुढे आज उभा आहे, त्यांच्या हातात वेळ फार थोडा असतो.

सर्वात आधी आपल्या उपचारांमुळे अंडाशयाला नेमका किती धोका आहे, हे कर्करोगतज्ज्ञांना स्पष्ट शब्दांत विचारावे. सगळ्या केमो सारख्या नसतात. स्तनाच्या कर्करोगात सर्रास दिले जाणारे सायक्लोफॉस्फमाइड अंडाशयातील बीजांचा साठा कमी करते, तर हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी दिल्या जाणाऱ्या एबीव्हीडी या औषधांच्या जोडणीचा त्रास अंडाशयाला बराच कमी होतो. ओटीपोटावर दिलेले रेडिएशन अंडाशय आणि गर्भाशय या दोन्हींना इजा करते. संप्रेरकांवर (हार्मोनवर) वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात दिली जाणारी टॅमॉक्सिफेनची गोळी बीजे नष्ट करत नाही, मात्र ती पाच ते दहा वर्षे घ्यावी लागते आणि त्या काळात गर्भधारणा टाळावी लागते, म्हणजे तिथे वयच पुढे सरकते. रुग्णाचे वय जितके जास्त, तितका हाताशी असलेला साठा कमी. एएमएच नावाच्या रक्ततपासणीतून या साठ्याचा अंदाज येतो. ती पाळीच्या कोणत्याही दिवशी करता येते आणि केमोआधी करून ठेवावीच. उपचारांनंतर पाळी परत आली म्हणजे सगळे पूर्ववत झाले असा समज सर्वत्र आहे, पण पाळी येत असतानाही साठा बराच घटलेला असू शकतो.

आता मुख्य तुलनेकडे. स्त्रीबीज गोठवणे आणि भ्रूण गोठवणे या दोन्हींची वाट शेवटच्या टप्प्यापर्यंत एकच आहे. दहा ते चौदा दिवस रोज पोटावर इंजेक्शने घ्यायची, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी करायची आणि बीजे परिपक्व झाली की भूल देऊन ती सुईने काढायची. हे शेवटचे काम साधारण अर्ध्या तासाचे असते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. पूर्वी यासाठी पाळी येण्याची वाट पाहावी लागे. आता चक्राच्या कोणत्याही दिवशी सुरुवात करता येते, त्यामुळे दोन आठवडे पुरतात. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया आधी झाली असेल, तर जखम भरून केमो सुरू होईपर्यंत काही आठवडे जातातच. हे काम त्याच काळात बसवता येते. गाठ लहान करण्यासाठी केमो आधी द्यायची असेल, तर मात्र एकेका दिवसाचा हिशेब करावा लागतो.

फरक पडतो तो बीज हाती आल्यावर. बीज तसेच गोठवले तर ते केवळ त्या स्त्रीचे असते. शुक्राणूशी संयोग घडवून भ्रूण तयार केला तर त्यावर पती-पत्नी दोघांचा हक्क असतो आणि पुढे तो वापरताना दोघांचीही संमती लागते. भ्रूणाच्या बाजूने सांगण्यासारखे म्हणजे, किती बीजे फळली आणि किती भ्रूण चांगल्या प्रतीचे आहेत, हे त्याच आठवड्यात कळते; बीज गोठवले तर हे उत्तर काही वर्षांनी, ते वितळवून फलित केल्यावरच मिळते. स्त्रीबीज गोठवण्याला 2012 साली अमेरिकेतील प्रजननवैद्यकाच्या संघटनेने प्रायोगिक उपचारांच्या यादीतून बाहेर काढले, त्यामुळे ही पद्धत आता कच्ची म्हणता येणार नाही. तरीही प्रत्येक बीजापासून मूल होते असे नाही. दहा-बारा बीजे मिळाली म्हणजे दहा-बारा मुलांची सोय झाली, असा हिशेब नातेवाईक चटकन करतात. त्यातून पुढे एखादे मूल व्हावे, एवढीच वाजवी अपेक्षा ठेवावी.

माझे मत असे की अविवाहित मुलीने बीजच गोठवावे. कर्करोगाच्या भीतीने घाईत ठरवलेल्या लग्नाच्या भरवशावर भ्रूणाचा विचार करू नये. विवाहित जोडप्यांनीही, विशेषतः लग्नाला वर्ष-दोन वर्षेच झाली असतील तर, काही बीजे स्वतंत्र गोठवता येतील का, हे विचारून पाहावे. मोठे आजारपण नात्यावर फार ताण आणते, आणि असे म्हणण्यात कोणाच्या संसारावर अविश्वास नाही.

आमच्या मावशीला दोन शंका होत्या आणि त्या पुष्कळ घरांत असतील. पहिली शंका अशी की संप्रेरकांवर वाढणाऱ्या कर्करोगात संप्रेरकांची इंजेक्शने घेणे म्हणजे आगीत तेल ओतणे नव्हे का? यासाठी अशा रुग्णांना इंजेक्शनांबरोबर लेट्रोझोलची गोळी देतात, ज्यामुळे इस्ट्रोजेनची पातळी फार वर जात नाही, आणि आतापर्यंतच्या अभ्यासांत या मार्गाने कर्करोग परत येण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसलेले नाही. दुसरी शंका तिने हळू आवाजात विचारली, कारण ती लग्न न झालेल्या मुलीच्या तपासणीबद्दल होती. डॉक्टरांनी अडचण समजून घेतली आणि सोनोग्राफी शक्य तेवढी पोटावरून केली. बीजे मात्र सहसा योनिमार्गातूनच काढतात आणि त्या वेळी भूल दिलेली असते. हे आधी कळले की मुलगी आणि आई दोघींचेही दडपण कमी होते.

ते बारा दिवस मला स्पष्ट आठवतात. फ्रीजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी इंजेक्शनांची खोकी, झाकणावर तिच्या शाळेतल्या लाल पेनाने लिहिलेली तारीख, आणि रात्री आठ वाजता टीव्हीचा आवाज बंद करून मी तिच्या पोटाची चिमूट धरायची. चौथ्या दिवसापासून ती स्वतःच टोचून घेऊ लागली. एवढ्या दिवसांत सगळे काही तिच्यावर केले जात होते. हे एक काम ती स्वतः करत होती, आणि त्याने तिला आधार मिळाला असे मला आजही वाटते.

ज्यांना दोन आठवडेही मिळत नाहीत त्यांच्यासाठी अंडाशयाची ऊती गोठवण्याचा पर्याय असतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने अंडाशयाचा भाग काढून गोठवतात आणि पुढे पुन्हा शरीरात बसवतात; असे बसवलेल्या ऊतीमुळे पहिले मूल 2004 साली बेल्जियममध्ये जन्मले. वयात न आलेल्या मुलींसाठी हा एकच मार्ग उरतो. रक्ताच्या कर्करोगात मात्र त्या ऊतीबरोबर कर्करोगाच्या पेशी परत शरीरात जाण्याचा धोका असतो. ही सोय मोजक्या केंद्रांत आहे आणि नाशिककरांनी त्यासाठी मुंबई-पुण्यातच चौकशी करावी हे बरे. केवळ ओटीपोटावर रेडिएशन होणार असेल, तर अंडाशय किरणांच्या टप्प्याबाहेर सरकवून ठेवण्याची शस्त्रक्रियाही होऊ शकते.

"दर 28 दिवसांनी एक इंजेक्शन घ्या, अंडाशय झोपून राहील," असाही सल्ला मिळतो. हे गोसेरेलिन केमोच्या निदान आठवडाभर आधी सुरू करतात. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या, संप्रेरकांवर न वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील चाचणीत त्याचा फायदा दिसला, म्हणून ते घ्यायला हरकत नाही. बीज गोठवण्याच्या जागी मात्र ते धरू नये; गोठवूनही घ्यावे आणि इंजेक्शनही घ्यावे.

पुरुषांच्या बाबतीत तुलना करण्यासारखे फार थोडे आहे. वीर्याचा नमुना एक-दोन दिवसांत देता येतो, खर्च स्त्रियांच्या मानाने अगदी कमी येतो आणि कर्करोगामुळे शुक्राणूंची संख्या आधीच घटली असली तरी इक्सीच्या पद्धतीत, म्हणजे एकेक शुक्राणू थेट बीजात सोडतात तिथे, थोडेसे शुक्राणूही उपयोगी पडतात. असे असूनही अंबड-सातपूरच्या कारखान्यांत काम करणारी तरुण मुले वडिलांसमोर हा विषय निघाला की मान खाली घालतात आणि पहिली केमो होऊन जाते. म्हणून मुलाच्या वडिलांनी किंवा मोठ्या भावानेच तो आधी काढावा. कृत्रिम प्रजननाच्या 2021 च्या कायद्यात या सेवांसाठी किमान वय 21 धरले आहे. रुग्ण त्याहून लहान असेल तर केंद्राला त्याबद्दल पहिल्याच फोनवर विचारावे.

हे सगळे नाशिकमध्ये करावे की मुंबईत, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. परळच्या टाटा रुग्णालयात दुसरे मत घ्यायचे तर पहाटे निघून पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन रात्री परत येता येते, आणि ते एकदा जरूर करावे. पण बीज काढण्यासाठी दहा-बारा दिवसांत चार-पाच सोनोग्राफी होतात. त्यासाठी प्रत्येक वेळी कसारा घाट ओलांडणे, तेही नुकती शस्त्रक्रिया झालेल्या मुलीने, मला योग्य वाटत नाही. केमो नाशिकला होणार असेल तर हे कामही नाशिकलाच करावे, मात्र दोन्ही डॉक्टरांचे एकमेकांशी फोनवर बोलणे होईल हे पाहावे. केंद्राची 2021 च्या त्याच कायद्याखाली नोंदणी आहे का, आणि गोठवलेले बीज नेमके कोठे ठेवले जाईल, हेही विचारावे. औषधांसह एका फेरीचा खर्च लाखाच्या पुढे जातो, दरवर्षी साठवणीचे शुल्क वेगळे, आणि आरोग्य विम्यात हा खर्च सहसा धरला जात नाही.

काहीच न गोठवता थेट उपचार घेणे हाही पूर्ण विचारान्ती घेतलेला निर्णय असू शकतो. तीव्र रक्ताच्या कर्करोगात उपचार काही दिवसांत सुरू करावे लागतात, तिथे थांबण्याचा आग्रह धरू नये. पैसे नसतील, मन तयार नसेल किंवा मूल नकोच असेल, तर तिला कोणी दोष देऊ नये. दात्याचे बीज आणि दत्तक हे मार्ग पुढेही राहतात. दत्तकासाठी मात्र पालकांना जीवघेणा आजार नसावा अशी अट आहे, म्हणून उपचार पूर्ण झाल्याची कागदपत्रे जपून ठेवावीत. संप्रेरकांवर वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगानंतर मूल हवे असणाऱ्या 518 स्त्रियांचा अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी दीड ते अडीच वर्षे टॅमॉक्सिफेनसारखी गोळी घेतल्यावर मुलासाठी ती दोन वर्षांपर्यंत थांबवली, आणि तीन वर्षांपर्यंतच्या पाहणीत त्यांच्यात कर्करोग परत येण्याचे प्रमाण, गोळी न थांबवलेल्या तशाच रुग्णांपेक्षा वाढलेले आढळले नाही. दीर्घकाळाची पाहणी अजून चालू आहे.

बहिणीने बीजे गोठवली आणि पुढच्या सोमवारी केमो सुरू झाली. मूल हवे की नको, हे तिने तेव्हा ठरवले नव्हते आणि ठरवायची गरजही नव्हती. पुढे कधी तरी ठरवता यावे, एवढ्यासाठीच ते बारा दिवस होते. गोठवलेले बीज कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त 10 वर्षे ठेवता येते. संमतिपत्रात एक रकाना असतो, आपल्या मृत्यूनंतर या बीजांचे काय करावे, आणि तो रुग्णाने एकटीनेच भरायचा असतो. आम्हाला त्याची आगाऊ कल्पना कोणी दिली नव्हती. तिने पेन हातात घेऊन बराच वेळ काढला, मग "संशोधनासाठी द्यावीत" असे लिहिले, ते पान फाइलमध्ये उलटे घातले आणि संपर्कासाठी दुसरा नंबर माझा दिला.