रोज ओरिगामी, मित्रमंडळींसकट: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते. रोजचा छंद म्हणून ओरिगामीला, म्हणजे कागदाला घड्या घालून वस्तू करण्याला, माझ्याकडून पाचपैकी साडेचार, आणि कापलेला अर्धा गुण कागदाचा. आवाज नाही, पसारा नाही, सगळं सामान वहीच्या पानांत मावतं, हे कौतुक कुठेही वाचायला मिळेल आणि ते खरंही आहे. पण काही महिने रोज घड्या घातल्यावर माझं मत थोडं वेगळं झालंय: ही गोष्ट एकट्याने केली तर घरात अडगळ होते, दुसऱ्याला शिकवली तर अंगवळणी पडते. त्यामुळे इथे कागदाइतकीच जागा मित्रमैत्रिणींना दिली आहे.

सुरुवात कागदापासून, कारण बहुतेक वैताग तिथलाच. ‘ओरिगामी पेपर’ म्हणून सर्रास मिळतो तो कामी. १५ सेंटिमीटरचा चौरस, एक बाजू रंगीत, दुसरी पांढरी. रोजच्या वापराला याला तोड नाही. पातळ असतो, घडी धरून ठेवतो, आणि दोन बाजू वेगळ्या असल्यामुळे ‘रंग वर ठेव’, ‘पांढरं दिसायला हवं’ असं फोनवरसुद्धा सांगता येतं. खोड एवढीच की रंग कागदाच्या अंगात मुरलेला नसतो, वरून छापलेला असतो. तीच घडी दोन-चारदा इकडून तिकडे फिरवली की रेषेवरचा रंग उडतो आणि पांढरी शीर दिसायला लागते. काळ्या आणि गडद निळ्या कागदावर तर फारच. म्हणून शिकताना फिके रंग वापरायचे, गडद मागे ठेवायचे.

पाकिटावर कोणी लिहीत नाही अशी आणखी एक गोष्ट: चौरस कागद चौरस असतोच असं नाही. नवा गठ्ठा आणला की त्यातला एक कागद कर्णावर दुमडून बघा. कडा एकमेकींवर तंतोतंत बसल्या तर ठीक. अर्धा मिलिमीटर बाहेर डोकावत असेल तर कागदी होडीला त्याचं काही नाही, पण क्रेन पक्षी करताना मान आणि शेपटीपर्यंत पोचेस्तोवर तो अर्धा मिलिमीटर थराथरात साचत जातो आणि अणकुचीदार व्हायचं ते टोक बोथट निघतं. एक आख्खा गठ्ठा मला असा तिरका आला. आपलाच हात वळत नाही असं समजून लोक छंद सोडून देतात ते बहुधा अशाच गठ्ठ्यांमुळे.

प्रिंटरच्या कागदाला मात्र उगाच नावं ठेवली जातात. जाड आहे, चार-पाच थर झाले की हट्टाला पेटतो, हे मान्य. पण उडी मारणारा बेडूक करायचा तर तोच जाडेपणा कामाला येतो. मागच्या घड्यांना स्प्रिंगसारखा जोर मिळतो आणि बेडूक खरोखर उडतो. कामीचा बेडूक नुसता कलंडतो. ए४ कागदातून २१ सेंटिमीटरचा चौरस कापला की ८.७ सेंटिमीटर रुंदीची पट्टी उरते. ती टाकू नका. तिच्या उभ्या दहा बारीक पट्ट्या कापल्या तर प्रत्येकीचा एक फुगीर तारा होतो. टोकाला सैल गाठ मारायची, ती हलक्या हाताने सपाट केली की पंचकोन दिसतो, उरलेली पट्टी त्याच्याभोवती गुंडाळायची आणि शेवटचं टोक आत खोचायचं. मग पाचही कडा मधोमध नखाने आत दाबायच्या. तारा टचकन फुगतो. हे बघितल्यावर ‘मला पण दे एक पट्टी’ न म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

फॉइलचा कागद आणला होता, तो जवळपास तसाच पडून आहे. आकार छान धरतो, पण एकदा पडलेली सुरकुती जन्माची. सरावाला निरुपयोगी.

हत्यारं फारशी लागत नाहीत. घडी दाबायची चपटी पट्टी मिळते, ती घेतली आहे. जाड कागदावर बरी पडते. रंगीत कामीवर थेट घासली तर चकचकीत ओरखडा उमटतो, मध्ये एखादा फालतू कागद धरावा लागतो. एरवी अंगठ्याचं नख पुरतं.

आता शिकायचं कुठून? व्हिडिओ की आकृत्या? मी दोन्ही वापरून आकृत्यांच्या बाजूने आले आहे. व्हिडिओ बघून मॉडेल होतं, पण दुसऱ्या दिवशी काहीच आठवत नाही, कारण प्रत्येक पायरीला ‘पॉज’ आणि नक्कल एवढंच चाललेलं असतं. आकृत्यांची भाषा जगभर जवळपास एकच आहे. तुटक रेषा म्हणजे दरी, म्हणजे घडी आपल्या बाजूला. ठिपके मिसळलेली तुटक रेषा म्हणजे डोंगर, म्हणजे घडी मागे. उरलेलं बाण सांगतात. ही पद्धत जपानी ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावा यांची. पन्नासच्या दशकात त्यांनी ती मांडली, पुढे सॅम्युएल रँडलेट वगैरे मंडळींनी तिचा प्रसार केला. म्हणून जपानी अक्षर ओळखता येत नसताना जपानी पुस्तकातलं मॉडेल घालता येतं. फक्त एक सवय लावून घ्यायची: हातातली पायरी करण्याआधी पुढच्या पायरीचं चित्र बघायचं. अर्धे घोळ तिथेच मिटतात.

रोज नवं मॉडेल हवं असाही एक हट्ट असतो. माझा अनुभव उलटा आहे. मोजक्या चार-पाच गोष्टी पुन्हा पुन्हा घालण्यात जास्त मजा आहे. क्रेनमधली पाकळीची घडी घ्या. चौकोनी बेसच्या, म्हणजे आधी दुमडून केलेल्या लहान चौकोनाच्या, दोन्ही कडा मधल्या रेषेवर आणून दाबायच्या, वरचा त्रिकोण खाली दुमडून त्याची रेष पाडायची, सगळं मोकळं करायचं. मग खालचं एकच टोक, फक्त वरचा थर, धरून वर उचलायला लागायचं. कागद होडीसारखा उघडतो, बाजूच्या कडा हवेत उभ्या राहतात, आणि क्षणभर वाटतं की आता फाटणार. तिथे ओढायचं नाही. आधी पाडलेल्या रेषा खऱ्या असतील तर कडा आपणहून आत वळतात आणि लांबट शंकरपाळ्याचा आकार घेऊन झोपतात. सुरुवातीला हे दोन्ही हातांचं, श्वास रोखून करायचं काम होतं. आता बोलता बोलता होतं. हा फरक फक्त तेच तेच केल्याने पडतो.

आणि हे ‘बोलता बोलता’ जमायला लागलं की माणसं जवळ येतात. ओळखीच्यांना तयार वस्तू देण्याचा कार्यक्रम मी बराच केला. कबूल करायला हवं, लोक फार चांगले असतात. ‘अय्या, किती गोड’ म्हणतात, टेबलावर ठेवतात, आणि पुढच्या वेळी जाल तेव्हा ते गोड प्रकरण धुळीने माखून पुस्तकाखाली चेपलेलं असतं. त्यांचा काही दोष नाही, कागदाच्या बेडकाचं माणूस करणार तरी काय? त्यामुळे हल्ली मी तयार मॉडेल देत नाही. दोन कोरे कागद काढते, एक माझ्यासमोर, एक त्यांच्यासमोर. ज्याने स्वतः घडी घातली तो बेडूक टाकत नाही, उलट घरी नेऊन कोणाला तरी उडवून दाखवतो.

शिकवण्यातली सगळ्यात मोठी गोम बसण्याच्या जागेत आहे. समोरासमोर बसू नका, शेजारी बसा. समोर बसलेला माणूस आरशासारखी नक्कल करतो, तुमचं उजवं त्याचं डावं होतं. बेडूक किंवा क्रेन असेल तर फरक पडत नाही, ते दोन्ही बाजूंनी सारखेच. पण सोनोबेचे तुकडे करायला घेतलेत तर गाडी अडते. मित्सुनोबू सोनोबे यांच्या नावाने ओळखला जाणारा हा सुटा तुकडा मित्रमंडळींच्या बैठकीसाठी उत्तम. प्रत्येक तुकड्याला दोन जिभा, दोन खिसे. एकाची जीभ दुसऱ्याच्या खिशात घालत गेलं की गोंदाशिवाय घनाकृती उभी राहते. सहा तुकड्यांचा ठोकळा, बाराचा टोकदार तारा, तिसाचा काटेरी गोळा. पण तुकडा एक तर डावा असतो, नाही तर उजवा, आणि डाव्याचं उजव्याशी जमत नाही. आमच्या बैठकीत कागद वाटून तीस तुकडे झटपट तयार झाले, जोडायला घेतल्यावर कळलं की समोरच्या बाजूला बसलेल्या दोघींचे सगळे तुकडे उलटे आहेत. दिसायला हुबेहूब, जिभा मात्र खिशात जाईनात. शेवटी उलट्यांचा वेगळा लहान गोळा केला आणि मोठ्यासाठी कमी पडलेले तुकडे नव्याने घातले. तिसाव्या तुकड्याला तर गोळा थोडा उसवून, पाच हात आत घालून, दहा सूचना ऐकून जागा करून द्यावी लागते. त्या पाच मिनिटांसाठी तरी हा प्रकार चारचौघांत करावाच.

पहिल्या बैठकीला काय शिकवावं? क्रेन नको. मागणी त्याचीच होते, कारण क्रेन म्हटलं की हिरोशिमाची सादाको सासाकी आणि तिने आजारपणात घडायला घेतलेले हजार कागदी पक्षी लोकांना माहीत असतात. अणुबॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती, १९५५ मध्ये बाराव्या वर्षी ल्युकेमियाने गेली, आणि तिच्या आठवणीतलं मुलांचं शांतिस्मारक १९५८ मध्ये उभं राहिलं. गोष्ट मोठी आहे, पण नवख्या हाताला पाकळीची घडी म्हणजे भिंत असते. तिथे माणूस ‘मला नाही बाबा जमत’ म्हणून उठतो तो परत बसत नाही. कागदी पेला शिकवा. पाच-सहा घड्या, आणि त्यात खरंच पाणी ओतून पिता येतं. त्यानंतर झाकणाचा चौकोनी डबा: तीच कृती दोनदा, फक्त खालच्या डब्याचा कागद तीन-चार मिलिमीटरने लहान घ्यायचा, की झाकण अलगद बसतं. क्रेन तिसऱ्या-चौथ्या भेटीला, तोही मागितला तर.

कुठल्याही बैठकीत दोन वाद ठरलेले. पहिला: ‘कागद सातपेक्षा जास्त वेळा दुमडतच नाही.’ साध्या कागदापुरतं हे बरोबर आहे. सात घड्यांनंतर १२८ थर होतात, कागद दशांश मिलिमीटरचा धरला तरी जवळपास १३ मिलिमीटरचा ठोकळा. पण नियम बियम काही नाही. ब्रिटनी गॅलिवन या अमेरिकन विद्यार्थिनीने २००२ मध्ये टॉयलेट पेपरची लांबलचक पट्टी घेऊन बारा वेळा घडी घालून दाखवली, आणि किती घड्यांना किती लांबी लागेल याचं सूत्रही मांडलं. दुसरा वाद कात्रीचा. ‘कापलं की ती ओरिगामी नाही’ असं ठणकावणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. १७९७ साली जपानमध्ये छापलेल्या क्रेनच्या पुस्तकात एकाच कागदाला चिरा देऊन चोचीला चोच, पंखाला पंख जोडलेले पक्षी आहेत. तेवढं सांगितलं की विषय मिटतो. निदान पुढच्या भेटीपर्यंत.

गणिताची आवड असलेलं कोणी असेल तर पंख न पसरलेला, चपटा क्रेन त्याच्या हातात द्या आणि उलगडायला सांगा. कागदाच्या आत जिथे घड्या एकत्र येतात असा कुठलाही बिंदू घ्या, डोंगर मोजा, दऱ्या मोजा. फरक नेहमी दोनच येतो. हा ओरिगामीच्या गणितातला माएकावांचा नियम. त्याच बिंदूभोवतीचे कोन एकाआड एक घेऊन मिळवले तर १८० अंश, हा कावासाकींचा. अट एवढीच, की शेवटी प्रत्यक्ष दुमडलेल्या राहिलेल्या रेषाच धरायच्या, मदतीला पाडलेल्या रेषा नाहीत. लहान मुलांना नियम सांगू नका, दोन खडू द्या. शेजारचे तुकडे वेगळ्या रंगाचे येतील असा सगळा कागद दोनच रंगांत भरता येतो, तिसरा लागतच नाही. आमच्याकडे मोठ्यांनीच खडू बळकावले.

तक्रारी? आहेत. दमट हवेत कामी मऊ पडतो आणि घडी लुळी होते. उन्हात ठेवलेल्या वस्तूंचा रंग लवकर उडतो. दीड-दोन तास मान खाली घालून बसलं की मान बोलते. पाठीला आधार आणि कागद टेबलावर, हे पाळलेलं बरं. कागद जमवायचं व्यसन लागतं, नक्षीचे कागद ‘चांगल्या कामासाठी’ म्हणून न वापरता पडून राहतात. आणि कोणाचं मॉडेल जास्त पायऱ्यांचं अशी शर्यत लावणाऱ्यांपासून जरा लांब. रॉबर्ट लँग लेझरवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी २००१ मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ हेच घेतलं. त्यांचे कीटक, शिंगांचे फाटे, पायांची नखं बघताना थक्क व्हायला होतं. पण ते रोज संध्याकाळच्या अर्ध्या तासाचं काम नाही, आणि मित्राला पहिल्याच दिवशी तसला व्हिडिओ पाठवणं म्हणजे त्याला घाबरवून पळवून लावणं.

ओल्या घडीबद्दल विचारणा झाली आहे. तीही योशिझावांचीच देणगी: जाडसर कागद किंचित ओलसर करून घडायचा, वाळला की कडक होतो, आणि धारदार रेषांऐवजी गोलाई येते. मी थोडंफार करून पाहिलं. हत्तीची पाठ अशी काही वळते की बघत राहावं. पण वाळेपर्यंत चिमटे लावून ठेवावं लागतं, आणि पाणी जरा जास्त झालं की कोपरा हातात येतो. सुट्टीच्या दिवशी ठीक. रोजच्यासाठी मी तरी १५ सेंटिमीटरच्या साध्या कामीवरच आहे. ७.५ सेंटिमीटरचे छोटे कागद घेणार असाल तर क्रेन न बघता घालता यायला लागल्यावर घ्या, त्याआधी बोटंच मध्ये येतात.