११ चौरस मीटरची स्पीडविंग, डिसेंबर ते मे: सगळं उत्तम, ट्रिमरची पट्टी सोडून

ट्रिमरची, म्हणजे विंगचा वेग कमी-जास्त करणारी, पट्टी सरकते. बाकीच्या विंगबद्दल खाली लिहिलंच आहे, पण या प्रकारची हलकी विंग (स्पीडविंग म्हणजे पॅराग्लायडरचा लहान, वेगवान प्रकार) सेकंडहँड घ्यायचा विचार असेल तर हे आधी कळायला हवं. विकणारा ते सांगत नाही आणि मॅन्युअलमध्ये त्यावर जेमतेम दोन ओळी असतात. कंपनीचं नाव देत नाही, कारण दातेरी बकलाचा ट्रिमर असलेल्या कुठल्याही विंगवर हे होऊ शकतं.

वापर कुठे झाला तेवढं सांगतो. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या आसपास, बेलदोनची रांग आणि लोतारे खिंडीचा (२०५८ मी.) परिसर. हिवाळ्यात स्की रिसॉर्टच्या उतारांवर आणि एप्रिल-मेमध्ये खऱ्या कामासाठी: पहाटे स्कीला स्किन (चढताना मागे घसरू न देणारी पट्टी) लावून चढायचं, वर विंग पसरायची, स्कीवरूनच उडायचं. स्की, हार्नेस, पाणी सगळं धरून वजन ८५ किलो, म्हणजे दर चौरस मीटरला ७.७ किलो. याच वजनाला २३ चौरस मीटरचं नेहमीचं पॅराग्लायडर घेतलं तर ३.७ पडतात. भार दुप्पट झाला की वेग साधारण १.४ पट होतो, त्यामुळे ताशी ३७-३८ किलोमीटरच्या जागी ५३-५५ मिळतात. ३००० मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या पाऊणपटीहूनही किंचित विरळ असते, तिथे विंगचा खरा वेग आणखी १५-१६ टक्क्यांनी वाढतो. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. या वेगात एका बाजूची पट्टी दोन सेंटिमीटर सरकली तर काय होईल, याचा विचार करूनच पुढचं वाचावं.

ट्रिमर मागच्या रायझरवर असतो (रायझर म्हणजे विंगच्या दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे). पॉलिएस्टरची पट्टी दातेरी बकलातून जाते आणि स्प्रिंग ते दात पट्टीवर दाबून धरते. पट्टी ओढून घेतली की विंगची मागची कड खाली येते, वेग उतरतो, उचल वाढते. सोडली की विंग नाक खाली घालते, वेग वाढतो आणि उतारालगत चिकटून जाता येतं. या विंगवर एकूण प्रवास १० सेंटिमीटरचा आहे आणि मधल्या स्थितीवर शिवणीची खूण आहे. शिकणारा माणूस पट्टी त्या खुणेवरच ठेवतो, तसं ठेवायलाच सांगितलेलं असतं, आणि बकलाचे दात महिनोन्‌महिने तेवढ्याच दीड-दोन सेंटिमीटरला चावत बसतात. आधी तिथे लव उठते. मग ती दबून पट्टी चकचकीत होते. चकाकी आली की समजावं, दातांना धरायला काही उरलेलं नाही. सरळ उडताना काही कळत नाही. ६० अंश कलून वळलं की भार दुप्पट होतो आणि तेव्हाच ती सरकते. विंग ज्या बाजूची पट्टी सरकली नाही त्या बाजूला ओढते, कारण सुटलेली बाजू वेगाने पुढे जाते.

तपासायला वर्कशॉप लागत नाही. रायझर मजबूत आडव्या दांड्याला टांगायचा, पट्टी बकलातून जिथे बाहेर येते तिथे पेनाने बारीक रेघ मारायची, दुसऱ्या टोकाला सामान तोलायचा हूक-काटा लावून ३० किलोपर्यंत हळूहळू ताण द्यायचा आणि मिनिटभर धरून ठेवायचा. रेघ हलता कामा नये. मग हळूहळू नाही, तर झटक्याने तीनचार वेळा ओढायचं. बरेचदा पहिल्या चाचणीत टिकणारी पट्टी झटक्याला सरकते. दोन्ही बाजू तपासायच्या आणि कोरड्या पट्टीबरोबर ओल्या पट्टीवरही हेच करायचं.

आता चीड आणणारा भाग. पट्टी मागितली तर कंपनीचं उत्तर आलं की सुटी मिळत नाही, रायझरचा पूर्ण संच घ्या, १४० युरो. पट्टी लागते पाऊण मीटर. तिची किंमत कॉफीच्या एका कपाएवढी. झिजणारा भाग वेगळा बदलता येईल असा बनवायचा आणि विकायचा मात्र नाही, हे मला पटत नाही. ब्रेकचे हँडल सुटे मिळतात, दोऱ्या रायझरला जोडणाऱ्या मायलॉनच्या कड्या सुट्या मिळतात, मग ही का नाही? तीनदा लिहिल्यावर संचावर १० टक्के सवलत देऊ केली. शेवटी विंगची नियमित तपासणी करणाऱ्या वर्कशॉपने दोन्ही पट्ट्या त्याच रुंदीच्या, त्याच विणीच्या घेऊन पॉलिएस्टर धाग्याने, मशीनच्या आडव्या दाट टाक्यांनी शिवून दिल्या. २५ युरो. घरच्या शिलाई मशीनवर हे करू नये. मागच्या रायझरचा भार याच पट्टीतून जातो आणि प्रवास संपल्यावर अडवणारा टोकाचा जाड टाका नीट नसेल तर पट्टी बकलातून पूर्ण निसटेल.

मार्चअखेरपर्यंत माझं मत सरळ होतं: पट्टी झिजते, बाकी दोष नाही. नवी पट्टी बसल्यावर त्यात दुरुस्ती करावी लागली. एप्रिलमध्ये नवी कोरी पट्टीसुद्धा सकाळच्या पहिल्या उड्डाणात अर्धा सेंटिमीटर सरकलेली दिसली, आणि घरी टांगून पाहिली तर घट्ट. कारण बर्फ. आदल्या दिवशी बकलात गेलेला बर्फ वितळतो, रात्री गाडीत किंवा हटमध्ये गोठतो आणि दातांमधल्या खाचा भरून टाकतो. स्प्रिंग दाबते, पण दात पट्टीपर्यंत पोचत नाहीत. उपाय साधा आहे. रात्री रायझर विंगबरोबर न गुंडाळता बाहेर काढून उबेत सुकवायचे, बकल जुन्या टूथब्रशने घासायचं, चढताना रायझर जलरोधक छोट्या पिशवीत ठेवायचे आणि उडण्याआधी दोन्ही ट्रिम पूर्ण सोडून पुन्हा खुणेवर ओढायचे, म्हणजे दात मोकळे होतात. तेल किंवा सिलिकॉन स्प्रे अजिबात नको. तो पट्टीत मुरतो आणि मग कायमचंच सरकणं सुरू होतं.

एवढं करूनही विंग जरा उजवीकडे ओढत राहिली. तो दोष ट्रिमरचा नव्हता, दोऱ्यांचा होता. आवरण नसलेल्या डायनीमाच्या (एक कृत्रिम धागा) दोऱ्या ओल्या होऊन सुकल्या की आखडतात आणि कमी ताण पडणाऱ्या मागच्या दोऱ्या जास्त आखडतात. वर्कशॉपमध्ये प्रत्येक दोरी ५ किलो ताणावर मोजली तेव्हा उजव्या बाजूच्या मागच्या दोऱ्या १२ मिलिमीटरपर्यंत कमी भरल्या. २० किलोच्या आसपास ताण देऊन काही ओढून सारख्या केल्या, उरलेला फरक मायलॉनवरच्या फासांनी जुळवला. मागच्या दोऱ्या आखडल्या की विंग टेकऑफला डोक्यावर यायला आळस करते आणि स्टॉलच्या, म्हणजे वेग फार कमी होऊन उचल सुटण्याच्या, जवळ राहते. त्यामुळे ‘विंग वर यायला वेळ लागतोय’ अशी तक्रार असेल तर टेकऑफच्या तंत्राला दोष देण्याआधी दोऱ्या मोजून घ्याव्यात. आवरणाच्या अ‍ॅरामिड (दुसरा कृत्रिम धागा) दोऱ्या आखडत नाहीत, पण वारंवार घडी पडली की आतून कमकुवत होतात. म्हणजे त्यात पैसे वाचत नाहीत, फक्त दुखणं बदलतं.

दोऱ्या आणि बकलं एवढी भिजतात ती टेकऑफच्या पद्धतीमुळे. पहाटेचं गोठलेलं बर्फ काचेसारखं गुळगुळीत असतं, विंग पसरली की घसरत खाली येते, म्हणून मागच्या कडेवर मूठ-मूठ बर्फ ठेवावं लागतं. ते बर्फ कणाकणाने आत जातं. मागच्या कडेचं टोक स्कीच्या काठीने किंवा फावड्याने हलकं दाबून धरणं चांगलं, तेही जमत नसेल तर ढेकूळ ठेवावं, भुगा नाही. उतरल्यावर पुढच्या कडेची उघडी तोंडं खाली येतील अशी विंग उलटी धरून झटकायची.

वसंतातली वेळ हा वेगळा आणि फार महत्त्वाचा विषय आहे. रात्र निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता आकाशात फेकतं आणि पृष्ठभाग कडक गोठतो. ढगाळ रात्रीत तापमान शून्याच्या जवळ असूनही गोठत नाही. सकाळी सातला बूट घोट्यापर्यंत रुतत असेल तर तिथूनच परतावं. पूर्वेकडचे उतार आधी मऊ होतात, मग दक्षिण, मग पश्चिम. त्याच सुमाराला वाराही बदलतो. पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते, म्हणजे टेकऑफला पाठीमागून वारा. स्कीचा वेग मदतीला असल्याने थोडा वारा खपतो, पण विंग भरायला अंतर जास्त लागतं. ऊन पडलेल्या आग्नेय उतारावर नऊ-साडेनऊला वारा वर चढू लागतो आणि नेमकं तेव्हाच बर्फाचा वरचा थर दाणेदार, स्कीला सर्वांत सुखाचा झालेला असतो. ही तास-दीड तासाची खिडकी. अकरा-बारानंतर दरीतला वारा जोर धरतो आणि ओल्या बर्फाच्या हिमलोटांचा धोका वाढत जातो. ‘विंग आहे, बर्फ खराब झालं तरी उडून जाऊ’ या भरवशावर वर थांबणं मला धोक्याचं वाटतं, कारण वारा बिघडला तर त्याच कुजलेल्या उतारावरून स्कीने उतरावं लागतं. मेतेओ-फ्रान्सचं (फ्रान्सचं हवामान खातं) हिमलोटांचं बुलेटिन आदल्या दिवशी दुपारनंतर येतं. ते वाचूनच निघायची वेळ ठरवावी.

आणखी एक वसंतातलीच अडचण: खाली बर्फ नसतं. पायात स्की असताना गवतावर उतरलं तर त्या अचानक अडकतात आणि माणूस पुढे फेकला जातो. म्हणून शेवटच्या बर्फाच्या पट्ट्यावर उतरायचं नियोजन चढतानाच करावं. ही विंग मधल्या ट्रिमवर एका मीटर उंचीत साधारण पाच मीटर पुढे जाते. हिशोब चारचा धरावा आणि समोरून वारा असेल तर तीनचा.

स्की आणि बाइंडिंगबद्दल (बूट स्कीला पकडणारी जोडणी) थोडक्यात. पिन बाइंडिंगचे ब्रेक आणि बुटांचे बकल दोऱ्या पकडतात. बुटांवर गेटर (कापडी आवरण) चढवावा, उरलेल्या टोकांना चिकटपट्टी लावावी. हवेत स्की सुटू नये म्हणून काहीजण पुढचं टोक चढाईच्या लॉकवर ठेवतात, पण मग पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. लॉक न लावता बाइंडिंगमधलं बर्फ नीट साफ करणं मला जास्त योग्य वाटतं. हिमलोटाखाली गाडलेल्याला शोधायला लागणारा ट्रान्सीव्हर छातीवर, फोन आणि रेडिओपासून किमान २० सेंटिमीटर दूर.

शिकायचं असेल तर सुरुवात स्पीडविंगने करू नये. महाराष्ट्रातून इकडे येणाऱ्यांना एक मोठी सोय आहे, कामशेतची. ऑक्टोबर ते मेच्या हंगामात तिथे साध्या ग्लायडरवर मूळ कोर्स करावा आणि जमिनीवर विंग हाताळण्याचे तास जितके जमतील तितके घालावेत. इथे पैसे देऊन तेच शिकण्यात अर्थ नाही. नंतर फ्रान्समध्ये स्कीसकट शिकायला वालफ्रेजूससारख्या ठिकाणी वर्ग आहेत. हा खेळ फ्रेंच व्होल लिब्र (मुक्त उड्डाण) महासंघाच्या कक्षेत येतो. १४-१५ चौरस मीटरपासून सुरू करून ११ वर यावं आणि पहिले महिने ट्रिमला हात लावू नये. ब्रेकचा प्रवास छोटा असतो, स्टॉल अचानक येतो, आणि कमी उंचीवर घेतलेलं वळण हे अपघाताचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे, कारण वळताना उंची फार जाते.

८-९ चौरस मीटरच्या जुन्या विंग बाजारात स्वस्तात दिसतात. लोक त्या लवकर विकतात म्हणूनच त्या इतक्या असतात. ११ ची घ्यायची असेल तर दर सप्टेंबरात ग्रेनोबलजवळच्या कूप इकार या उड्डाण-महोत्सवाच्या प्रदर्शनात हात लावून बघता येतात. कुठेही घेतली तरी तीन गोष्टी मागाव्यात: कापडाच्या सच्छिद्रतेचा आणि दोऱ्यांच्या लांबीचा दोन वर्षांतला अहवाल, ईएन ९२६-१ या युरोपीय मानकाची भारचाचणी झाल्याचा शिक्का (इतक्या लहान विंगला बहुतेक वेळा उड्डाण-वर्ग नसतोच, ते खपवून घ्यावं), आणि ट्रिमरच्या दोन्ही पट्ट्यांचे खुणेजवळचे जवळून काढलेले फोटो. पट्टी चमकत असेल तर किमतीतून २५ युरो कमी करून घ्यावेत, १४० नाही, कारण विक्रेत्यालाही तेवढ्यातच दुरुस्त करून मिळते.